सुटीची गोळी

आक्का रफू करायची. तिला शिंपीण म्हटलेलं मुळीच खपायचं नाही. "शिंपी कापड जोडतो, मी भोक नाहीसं करते," असं ती ठसक्यात सांगायची. सिगारेटने जळलेले कोट, उंदरांनी कुरतडलेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी, सगळं तिच्याकडे यायचं. लाँड्रीच्या दुकानात मागच्या खिडकीजवळ तिची खुर्ची होती. कपड्याच्या आतल्या दुमडीतून ती त्याचेच दोन-चार धागे ओढून काढायची, सुईत ओवायची आणि एक उभा, एक आडवा करत भोकावर नवं कापडच विणून टाकायची. गिऱ्हाईक कोट उजेडात धरून विचारायचं, "कुठे होतं हो भोक?" पगारापेक्षा आक्काला हा प्रश्न प्यारा. असणारच की!

आणि नेमक्या ह्याच बाईला बोटांनी दगा दिला. आधी सकाळी उठल्यावर मूठ वळेना. गरम पाण्यात हात बुडवून बसलं की दहा-अकरापर्यंत बोटं जरा सैल व्हायची. मग सैल होईनाशी झाली. बोटांची पेरं सुजली, मनगट तापलं, सुई दिसत असून चिमटीत येईना. एका वकिलाच्या काळ्या कोटावर तिने सबंध दिवस घालवला आणि संध्याकाळी पाहिलं तर रफू डोळ्यांत भरत होता, चांगला ठसठशीत. लाँड्रीचा मालक भला माणूस, काही बोलला नाही. पण त्याने तो कोट दोनदा उजेडात धरला.

सल्ल्यांना काय तोटा! कुणी म्हणालं वारं भरलं, कुणी म्हणालं आंबट सोडा, कुणी तांब्याचं कडं आणून दिलं, ते सुजलेल्या मनगटात जाईचना. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या दुखण्यावरच्या गोळ्या खाऊन खाऊन पोटात आग पडायची, आणि गोळी उतरली की हात पुन्हा जैसे थे. शेवटी त्याच डॉक्टरांनी हात टेकले आणि सांध्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

आता आक्काच्या यजमानांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं रामायण त्यांच्यामुळेच घडलं. त्यांच्यामुळेच म्हणते खरी, पण ते तुम्हीच ठरवा. ते बसचे कंडक्टर होते, आता निवृत्त. गल्लीत त्यांना सगळे कंडक्टरच म्हणायचे. आयुष्यभर ह्या माणसाच्या तोंडी दोनच वाक्यं होती, "पुढे सरका" आणि "सुटे द्या". झोपेतसुद्धा सुटे मागायचे. एकदा आक्काने झोपेतच "नाहीत सुटे" म्हणून त्यांना उत्तर दिलं होतं, त्यावर दोघं महिनाभर हसत होती. माणूस शिस्तीचा, स्मरणशक्ती पक्की, आणि आपण कधी चुकत नाही ह्याचा थोडा ताठाही होता. आक्काचा त्यांच्यावर भरवसा होता. घरातलं लक्षात ठेवायचं खातं त्यांच्याकडे, असं तिने लग्नानंतर लगेच ठरवून टाकलं होतं आणि ती मोकळी झाली होती.

सांध्यांची डॉक्टर निघाली तरुण बाई, बोलायला गोड पण भारी घाईची. बाहेर बाकांवर माणसं ओळीने बसलेली, कुणी गुडघे चोळतंय, कुणी कागद चाळतंय. डॉक्टरांनी आक्काचं एकेक पेर दाबून पाहिलं, रक्ताचे कागद पाहिले आणि समजावून सांगायला सुरुवात केली. "काकू, आपल्या शरीरात रखवालदार असतात. तुमचे रखवालदार चुकून तुमच्याच सांध्यांवर उलटलेत. त्यांना जरा दमात घ्यायला हवं, नाहीतर हाडं झिजतील आणि बोटं वाकडी होतील. पण आपण वेळेत आलोय."

"हो हो," आक्का म्हणाली. तिला काही म्हणता काही कळलं नव्हतं. रखवालदार उलटले म्हणजे कुणी सांगितलं त्यांना? आणि त्यांना दमात घेतलं तर चोर आल्यावर काय? पण डॉक्टरांपुढे असले प्रश्न विचारायचे नसतात अशी तिची समजूत. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घणासारखी वाजत होती: बोटं वाकडी.

"काकू, तुम्हाला सुट्टी कधी असते?" डॉक्टरांनी विचारलं.

आक्का गांगरली. दुखणं बोटांचं आणि चौकशी सुट्टीची? "गुरुवारी. गुरुवारी लाँड्री बंद."

"छान. लक्षात ठेवायला सोपं. आता नीट ऐका. सुट्टीची गोळी आठवड्यातून एकदाच. बाकीची रोज, फक्त त्या दिवशी नाही. आणि ही तिसरी बारीक गोळी थोडेच दिवस, सकाळी खाल्ल्यावर. हिने लवकर आराम पडेल, पण खरं काम सुट्टीची गोळी करणार आहे, तिला वेळ लागतो. धीर धरायचा. आणि ताप आला, तोंड आलं, तर लगेच इकडे यायचं. कळलं ना?"

"कळलं," कंडक्टर म्हणाले. "हो हो," आक्का म्हणाली. दार उघडून पुढचा पेशंट आतसुद्धा आला होता.

औषधवाल्याने तीन गोष्टी पुढे ठेवल्या. एक पट्टी पिवळ्या गोळ्यांची. एक छोटी पट्टी बारीक गोळ्यांची. आणि तिसऱ्या गोळ्या त्याने मोठ्या बरणीतून काढल्या आणि कागदाच्या पाकिटात ओतल्या. त्याही पिवळ्याच. "कसं घ्यायचं ते कळलंय ना?" त्याने विचारलं. "अहो, डॉक्टरांनी चांगलं फोड करून सांगितलंय," कंडक्टर म्हणाले, आणि पाकीट वरच्या खिशात टाकून निघाले.

घरी आल्यावर त्यांनी सगळं टेबलावर मांडलं. "हे बघ. ह्या पट्टीतल्या, आणि ह्या सुट्या. सुटी गोळी आठवड्यातून एकदा. बाकीच्या रोज."

आक्का पाकिटाकडे बघत राहिली. "पण त्यांनी माझी सुट्टी कशाला विचारली हो?"

"अगं, सुटीच्या दिवशी सुटी गोळी! म्हणून तर म्हणाल्या ना, लक्षात ठेवायला सोपं."

आता ह्यावर काय बोलणार? बसलं की सगळं चपखल. आक्काला मात्र कुठेतरी काहीतरी टोचत होतं. डॉक्टर बाकीची म्हणाल्या होत्या की बाकीच्या? आणि त्या दिवशी नाही म्हणजे कुठली नाही? लक्षात ठेवायचं खातं आपलं नाही. एवढी शिकलेली डॉक्टर, एवढा हुशार नवरा, त्यात आपण रफूवाली बाई कशाला नाक खुपसा!

गोळी पट्टीतून काढायची म्हटली तर आक्काच्या अंगठ्यात तेवढा जोर नव्हता. म्हणून रोज सकाळी कंडक्टर दोन्ही पट्ट्या दाबून गोळ्या काढायचे, तिच्या तळहातावर ठेवायचे, पाण्याचा पेला धरायचे. आणि काय सांगू, दोन-तीन दिवसांत हात हलका झाला! सूज ओसरली, मूठ वळली. आक्का लाँड्रीत जाऊन खुर्चीवर बसली आणि एका शालीचा कोपरा असा सफाईने भरला की मालकाने पुन्हा दोनदा उजेडात धरून पाहिला, ह्या वेळी भोक सापडेना म्हणून. घरी येऊन तिने दोन्ही हात कंडक्टरांपुढे नाचवले.

"रामबाण आहे ही पट्टीतली गोळी," ती म्हणाली.

"मग! रोजची आहे ती. सुटीच्या भरवशावर राहिलो असतो तर बसलो असतो बोंबलत," कंडक्टर म्हणाले. दोघांनी त्या पिवळ्या पट्टीला मनोमन हात जोडले. गुण सगळा त्या तिसऱ्या बारीक गोळीचा होता, हे त्या दोघांना कोण सांगणार? गुण एकीचा, कौतुक दुसरीचं, आणि घात होतोय ह्याचा पत्ताच नाही.

मग आक्काचं तोंड आलं. आधी जिभेच्या कडेला एक फोड, मग गालाच्या आत, मग ओठांवर. चहा पिववेना, दूध-भात गिळवेना. "उष्णता झाली असेल," कंडक्टर म्हणाले. आक्कालाही तसंच वाटलं. तोंड आलं तर या, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या का? की ताप आला तर या, असं म्हणाल्या होत्या? आणि हात तर बरा आहे! ज्या औषधाने हात बरा झाला त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन जायचं म्हणजे कृतघ्नपणाच की. डॉक्टरांनी रागावून गोळीच बंद केली तर? ह्या एका भीतीपायी ती गप्प बसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दंडावर कुठे आपटलं नसताना निळे डाग उमटले, ते तिने बाहीखाली झाकले. जिना चढताना धाप लागायला लागली, त्याला तिने वय म्हटलं. मग एका दुपारी ताप भरला आणि ती अंथरुणावर पडली ती पडलीच.

त्याच दिवशी पट्टी संपली होती. कंडक्टर दुसरी आणायला गेले. गेले ते चालत आणि आले ते औषधवाल्याच्या स्कूटरवर मागे बसून. आक्काने डोळे उघडले तर ते दारात उभे, तोंडावर रक्ताचा टिपूस नाही.

"चल," ते म्हणाले.

"कुठे?"

औषधवाला पुढे झाला. "काकू, ही गोळी तुम्ही रोज घेतलीत? रोज? अहो, एवढी पट्टी दोन महिन्यांहून जास्त पुरायला हवी होती!"

आक्काने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा जमिनीकडे बघत होता. तिला ताप होता, तोंडात फोड होते, आणि काय चाललंय ह्याचा काडीचा उलगडा होत नव्हता. रामबाण गोळी ना ती? मग हा माणूस असा का उभा आहे?

दवाखान्यात खाटेवर टाकून तिचं रक्त काढलं. रक्त पार उतरलं होतं. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, सगळ्यांनी पाठ फिरवली होती. उताऱ्याची इंजेक्शनं सुरू झाली, तोंडाला फडकं बांधल्याशिवाय कुणाला आत सोडेनात. डॉक्टर आल्या. आज घाई नव्हती. खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि हळूच विचारलं, "काकू, सुट्टीची गोळी म्हणजे तुम्हाला कुठली वाटली?"

"सुटी," आक्का फुटलेल्या ओठांनी म्हणाली. "पाकिटातली. सुटी होती ना ती."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! मी सुट्टीच्या दिवसाची म्हटलं होतं. पट्टीतली. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर विष होते. पाकिटातली तिचा त्रास होऊ नये म्हणून, ती रोज." त्या थांबल्या. "काकू, माझंही चुकलं. मी गोळीचं नाव घ्यायला हवं होतं. तुमच्याकडून म्हणवून घ्यायला हवं होतं."

एका शब्दाने केलेला ध चा मा! आक्काला हसावं की रडावं कळेना. रागवायचं तर कुणावर? डॉक्टर उघड उघड माफी मागत होती. औषधवाल्याने तर जीव वाचवला होता. सुटी आणि सुट्टी हे शब्द ज्याने एकसारखे केले त्याला कुठे शोधायचं? मग फडकं बांधलेले कंडक्टर आत आले आणि तिला माणूस सापडला.

"मेले असते मी!" ती ओरडली. तोंडातले फोड चरचरले तरी थांबली नाही. "जन्मभर सुटे, सुटे, सुटे! तुमच्या त्या सुट्यांनी माझा जीव घेतला असता!"

कंडक्टर पुढे न सरकता दारातच उभे राहिले, आणि वेळ संपल्यावर निघून गेले. आक्काला पुढे रात्रभर वाईट वाटत राहिलं, आणि वाईट वाटतंय म्हणून पुन्हा राग येत राहिला.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं. रक्त हळूहळू भरलं, तोंड बरं झालं, आक्का घरी आली. पण औषध बंद होतं ना! बोटं पुन्हा सुजली, आधीपेक्षा जास्त. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एका बाजूला कलायला लागल्यासारखं दिसे. खरंच कलतंय की भास होतोय, ते तिला ठरवता येईना. दिवसातून चारदा ती दुसऱ्या हाताशी मापून बघायची. आणि कंडक्टर? त्यांनी औषधांना हात लावणं सोडलं. दुखण्यावरची साधी गोळीसुद्धा शेजारीण येऊन पट्टीतून काढून द्यायची, तेव्हा हे गॅलरीत जाऊन उभे राहायचे. दुकानातून साधं दूध आणलं तरी दोनदा विचारायचे, "हेच सांगितलं होतंस ना?" कधी न चुकणारा माणूस साध्या साध्या गोष्टींत अडखळायला लागला. आक्काला त्यांचा राग यायचा, कीव यायची, आणि नक्की काय येतंय ते कळायचं नाही.

पुन्हा डॉक्टरांकडे गेली तेव्हा कंडक्टर बाहेर बाकावरच बसले. "तू जा," म्हणाले. "मी ऐकलं तर पुन्हा काहीतरी ऐकेन."

डॉक्टर म्हणाल्या, "रक्त आता व्यवस्थित आहे. काकू, औषध वाईट नव्हतं, घेण्यात घोटाळा झाला. तीच गोळी पुन्हा थोड्या मात्रेत सुरू करता येईल, रक्त वरचेवर तपासत. तिच्यावर मन नसेल तर दुसरी औषधं आहेत. पण काहीतरी घ्यायला हवं. बोटं आता थांबायची नाहीत."

"हो हो" आक्काच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. मग प्रश्नांचा जो पाट सुटला तो सुटला. दुसऱ्या औषधांचं काय होतं? ह्या गोळीने मी पुन्हा तशी पडले तर पहिली खूण कुठली? तोंड आलं तर थांबायचं की यायचं? हात किती दिवसांनी सुधारेल? सुधारेल ना? रखवालदारांचं काय झालं? डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी एकेक उत्तर दिलं, आणि मग म्हणाल्या, "आता तुम्ही मला सांगा." आक्काने सांगितलं. एकदा चुकली, पुन्हा सांगितलं. गोळीचं नाव मेथोट्रेक्सेट. ते म्हणताना जिभेची कसरत झाली, पण सुटी हा शब्द दोघींनी वर्ज्य केला होता.

"मग कुठली घ्यायची, काकू?"

आक्काने हातांकडे पाहिलं. भीती काही गेली नव्हती. ती गोळी आठवली तरी तोंड चरचरायचं. "तीच," ती म्हणाली. "हिची चाल तरी आता मला कळलीय."

गुरुवारी सकाळी खाणं झाल्यावर तिने पट्टी घेतली. शेजारीण दारात आली होती, तिला आक्काने सांगितलं, "आज नको. तुम्ही जा." मग ती पट्टी घेऊन गॅलरीत गेली. कंडक्टर कठड्याला टेकून खाली रस्त्याकडे बघत होते.

"काढून द्या," ती म्हणाली.

ते दचकले. "मी? वेड लागलंय का तुला? माझ्या हातून नको."

"मला तुमच्याच हातून हवी."

"अगं, मी मारलं असतं तुला!"

"मारलं असतंत," आक्का म्हणाली. "आणि मला शंका आली होती. त्याच दिवशी आली होती. मी विचारलं नाही. तुम्ही चुकलात, मी गप्प बसले. आता तुम्ही काढा आणि मी विचारते. ही कुठली गोळी?"

पट्टी जवळ घेऊन त्यांनी तिच्यावरची अक्षरं वाचली, मग पुन्हा वाचली. "मेथोट्रेक्सेट," ते डॉक्टरांसारखंच, न अडखळता म्हणाले. बाहेर बाकावर बसून हा माणूस दाराला कान लावून होता, हे आक्काला तेव्हा कळलं.

"वार?"

"गुरुवार." मग शंका येऊन त्यांनी कठड्यावरून वाकून खाली जाणाऱ्या माणसाला ओरडून विचारलं, "अहो, आज वार कुठला?" तो माणूस चकित होऊन म्हणाला, "गुरुवार." कंडक्टरांनी अंगठा दाबला. गोळी आक्काच्या तळहातावर पडली. तिची बोटं मिटेनात, तेव्हा त्यांनी आपल्या हाताने ती एकेक करून मिटवली. आक्काने पाण्याबरोबर गोळी गिळली.

"उद्या हात दुखणारच आहे," ती म्हणाली. "दुखला की मी हीच गोळी मागेन. द्यायची नाही."

"नाही देणार."

"मी चिडले तरी?"

"चिडलीस तरी नाही."

"रडले तरी?"

कंडक्टर स्वतःच रडत होते, आणि तरी मान हलवून नाही, नाही म्हणत होते.